वेताळ नक्की कुणाच्या बाजूचा?

1985 साली आमच्या कुपवाडला विक्रम-वेताळावरून चार पक्ष पडले होते.

रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' तेव्हा रविवारी दुपारी लागायची. अरुण गोविल विक्रम आणि सज्जन वेताळ. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे मालिका संपली की बाहेर कट्ट्यावर जी चर्चा व्हायची ती सार्वजनिक आणि सक्तीची. एमआयडीसीतले टर्नर-फिटर, एक निवृत्त मास्तर, शेंगा निवडत बसलेल्या बायका आणि आम्ही पोरं. आजकाल यालाच 'फॅन थिअरी' म्हणतात म्हणे. आम्ही 'वाद घालणं' म्हणायचो.

तर ते चार पक्ष असे.

पहिला पक्ष 'राजा गप्प का बसत नाही' वाल्यांचा. यात आम्ही सगळी पोरं. राजाला माहीत आहे की तो बोलला की वेताळ उडणार. तरी दर रविवारी तो बोलतो. म्हणजे राजा एक तर बिनडोक आहे, नाहीतर त्याला मसणवट्यापर्यंत पोचायचंच नाहीये.

दुसरा पक्ष मास्तरांचा. विक्रमादित्य हा उज्जैनचा चक्रवर्ती, आणि ही त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा. परीक्षेत उत्तर येत असताना पेपर कोरा ठेवायचा नसतो. विषय संपला.

तिसरा पक्ष एकट्या माणसाचा. शेजारचे काका वेंगुर्ल्याकडचे, एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. ते म्हणायचे, "वेताळ वाईट नाय रे. तो राजाचो माणूस. तोच राजाक वाचवता." यावर सगळे हसायचे. भूत कसलं वाचवतंय!

चौथा पक्ष आमच्या आजीचा. ती वर्षानुवर्षं 'चांदोबा' वाचत आलेली. तिचं म्हणणं, हा राजा कधीच पोचणार नाही. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून चाललाय त्यो," असं ती म्हणायची.

(पुढे 1987 साली 'रामायण' सुरू झालं आणि त्यात अरुण गोविल राम, दीपिका सीता, सुनील लहरी लक्ष्मण, दारासिंग हनुमान, अरविंद त्रिवेदी रावण, म्हणजे विक्रम-वेताळातलीच अर्धी मंडळी दिसली. तेव्हा 'विक्रमानं एवढं ओझं वाहिलं म्हणून त्याला रामाचा जन्म मिळाला' असा पाचवा पक्षही निघाला. पण तो अल्पजीवी ठरला.)

बरीच वर्षं हे सगळं डोक्याच्या मागच्या कप्प्यात पडून होतं. मग नोकरीनिमित्त कुपवाड सुटलं, शनिवार-रविवार मोकळे मिळायला लागले, आणि कधीतरी मूळ गोष्ट वाचावी म्हणून कथासरित्सागराचं भाषांतर हातात घेतलं. आणि राव, चारही पक्षांना तिथे काही ना काही पुरावा मिळतो! सगळ्यांत कमी मास्तरांना.

राजा उज्जैनचा नाहीच

कथासरित्सागर हा सोमदेवाचा ग्रंथ, अकराव्या शतकातला. काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्यासाठी त्याने तो लिहिला. त्यात बाराव्या लंबकात वेताळाच्या गोष्टी येतात. आणि तिथे राजाचं नाव आहे त्रिविक्रमसेन, विक्रमसेनाचा मुलगा. गाव कुठलं? प्रतिष्ठान, गोदावरीच्या काठी. म्हणजे आपलं पैठण!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान दोनदा उलटून पाहिलं. काश्मीरमध्ये बसून लिहिणारा कवी राजाला गोदाकाठचा म्हणतो आणि आपण मराठी लोक त्याला उज्जैनला पाठवून मोकळे होतो. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये त्रिविक्रमसेनाचा विक्रमादित्य झाला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लल्लूलालांची 'बैताल पचीसी' तयार झाली, मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळ पंचविशी' 1830 ची, रिचर्ड बर्टनचं इंग्रजी पुस्तक 1870 चं. या प्रवासात पैठण मागे पडलं आणि विक्रमादित्याचं मोठं नाव चिकटलं. नाव मोठं असलं की गोष्टी आपोआप त्याच्या खात्यावर जमा होतात.

यात गंमत अशी की आपल्याकडच्या दंतकथेत पैठण आणि उज्जैन एकमेकांचे वैरी. पैठणच्या कुंभाराघरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे सैनिक जिवंत करून विक्रमाला हरवलं, अशी ती कथा. पाडव्याला आपण पंचांग उघडतो ते शालिवाहन शकाचं. आणि रविवारी टाळ्या वाजवत होतो विक्रमादित्याला.

पैठणचा या सगळ्याशी आणखी एक धागा आहे. कथासरित्सागर हा गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चा संक्षेप असं सोमदेव सांगतो, आणि गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री. त्याची गोष्ट अशी. राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, पाणी उडवू नका. 'मा उदकैः' याचा संधी 'मोदकैः'. राजाने मोदक मागवले! सगळ्यांसमोर शोभा झाली. राजाला संस्कृत शिकवायला किती वर्षं लागतील? गुणाढ्य म्हणाला सहा. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला सहा महिने. गुणाढ्याने पैज लावली: तू हे करून दाखवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडेन. शर्ववर्म्याने करून दाखवलं. गुणाढ्य मुका झाला, विंध्याच्या अरण्यात गेला आणि पिशाचांची भाषा शिकून त्या पैशाचीत सात लाख श्लोक लिहिले, स्वतःच्या रक्ताने. राजाने ते नाकारले. मग तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकत गेला. राजाला उपरती होईपर्यंत एकच लाख उरले होते.

(प्रोजेक्टच्या एस्टिमेटवरून नोकरी गेलेला जगातला पहिला माणूस हाच असावा. सहा वर्षं विरुद्ध सहा महिने! आणि आमच्या धंद्यात नेहमी होतं त्याप्रमाणे सहा महिनेवाला जिंकला.)

अर्थात वेताळाच्या गोष्टी मूळ बृहत्कथेत असाव्यात असं बरेच अभ्यासक मानत नाहीत. काश्मीरमध्ये कधीतरी त्या आत घेतल्या गेल्या असाव्यात. पण घेतल्या त्या पैठणच्या राजासकट. मास्तर आज असते तर त्यांच्याशी एक रविवार छान गेला असता.

काकांचा वेताळ

आता तिसरा पक्ष. एकट्या माणसाचा.

सोमदेवाकडे शेवट असा आहे. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज राजाला एक फळ द्यायचा आणि त्यात रत्न असायचं. त्या उपकाराच्या मोबदल्यात त्याने राजाला मसणातून प्रेत आणायला सांगितलं. राजाला वाटलं, साधकाला मदत करतोय. खरं म्हणजे भिक्षूला वेताळ वश करून घेण्यासाठी राजाचाच बळी द्यायचा होता. हे राजाला सांगतं कोण? वेताळ! तो म्हणतो, भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मी राजा, मला नमस्कार घालायची सवय नाही, आधी तू करून दाखव. तो वाकला की तलवार चालव. राजा तसंच करतो.

म्हणजे काकांचं बरोबर होतं. आणि त्यांनी ते पुस्तक वाचून सांगितलं नव्हतं. त्यांच्या मुलखात वेताळ हे भूत नाहीच. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि मोठ्ठ्या चामडी चपला वाहतात. का, तर तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. गोव्यातही गावोगाव बेताळ आहे. उरलेल्या महाराष्ट्राला वेताळ म्हटलं की झाडावरचं प्रेत आठवतं, आणि त्या पट्ट्यातल्या माणसाला रात्रपाळीचा राखणदार. एकच मालिका बघून दोघांच्या थिअऱ्या वेगळ्या निघणारच. थिअरी अर्धी पडद्यावर असते, अर्धी आपण घरून आणलेली असते.

आजीचा लूप

आजीची बाजूही भक्कम आहे. 'चांदोबा' मराठीत आला 1952 साली. मूळ 'चंदामामा' 1947 चा, तेलुगू आणि तमिळ. मुळातल्या पंचवीस गोष्टी मासिकाला पुरणार किती? दोन वर्षं. मग संपादकांनी नव्या गोष्टी रचून, इकडच्या-तिकडच्या घेऊन त्याच चौकटीत बसवायला सुरुवात केली. शंकर (के. सी. शिवशंकरन, 1924–2020) यांचं ते चित्र, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे मसण, पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहिलं आणि राजा चालत राहिला. प्रोग्रामिंगच्या भाषेत हा इन्फिनिट लूप. बाहेर पडायची अटच काढून टाकलेली. आजीने ती बरोबर ओळखली होती, फक्त शब्द तिचे होते.

सोमदेवाच्या लूपला मात्र अट आहे, आणि तीच या सगळ्यातली खरी मेख आहे.

राजा गप्प का बसत नाही?

आता आमचा, पोरांचा पक्ष. वेताळाचे नियम नीट मांडून बघू. माझ्यातला इंजिनीअर इथे गप्प बसत नाही, त्याबद्दल क्षमस्व.

उत्तर माहीत आहे आणि राजा बोलला: वेताळ परत झाडावर.
उत्तर माहीत आहे आणि राजा गप्प राहिला: डोक्याची शकलं.
उत्तर माहीत नाही आणि राजा गप्प राहिला: प्रवास चालू.

म्हणजे लहानपणी आम्ही सुचवत होतो तो उपाय, गुपचूप चालत राहा, हा उपलब्धच नव्हता. ज्याला कळतं त्याला गप्प बसायची मुभा नाही. हुशार राजा अडकतो तो हुशार आहे म्हणूनच. त्रिविक्रमसेन सलग तेवीस वेळा बरोबर उत्तर देतो आणि तेवीस वेळा प्रेत हातचं जातं. तेवीस हेलपाटे, आणि प्रत्येक वेळी पैकीच्या पैकी मार्क!

चोविसावी गोष्ट अशी. दक्षिणेतल्या एका राजाला भिल्ल मारतात. त्याची राणी आणि मुलगी रानातून पळतात. एक सरदार आणि त्याचा मुलगा शिकारीला निघालेले असतात, त्यांना धुळीत दोन बायकांच्या पावलांचे ठसे दिसतात. एक जोडी मोठी, एक लहान. ठरतं असं की मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती मुलाची. गाठ पडते तेव्हा कळतं की मोठी पावलं मुलीची आहेत! पण शब्द दिलेला. त्यामुळे बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा तिच्या आईशी. दोघींना मुलं होतात. वेताळ विचारतो, त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय?

राजा विचार करतो. करत राहतो. उत्तर सापडत नाही. आणि तो गप्प चालत राहतो.

इथे वेताळ खूश होतो. तेवीस बरोबर उत्तरांनी झाला नव्हता तो या एका गप्प बसण्याने होतो, आणि मग भिक्षूचं कपट सांगून टाकतो.

मी ही गोष्ट आजीला फोनवर सांगितली होती. तिने अर्ध्या मिनिटात निकाल दिला. "सोपं आहे की. एक दुसऱ्याचा काका आणि दुसरा पहिल्याचा मामा." मी कागदावर आकृती काढून तपासलं. बापाचं पोर हे मुलाचं सावत्र भावंडं, म्हणजे मुलाच्या पोराचा काका. आणि ते पोर हे आईच्या बाजूने मुलीचं सावत्र भावंडं, म्हणजे पहिल्याचा मामा. बरोबर! दोघंही एकमेकांपेक्षा एक पिढी वर. मराठीत काका-मामा वेगळे असल्यामुळे उत्तर तरी नीट सांगता येतं. :)

पण राजाला ते त्या रात्री सापडलं नाही, आणि न सापडल्यावर त्याने काहीतरी ठोकून दिलं नाही. मला वाटतं सगळी गोष्ट इथे आहे. कारण वरच्या यादीत चौथी ओळ राहिलीच: उत्तर माहीत नाही, आणि तरी बोलला. त्या माणसाचं काय होतं हे वेताळ सांगत नाही. सांगायची गरज त्याला वाटली नसावी. वेताळ परत झाडावर जाणार, आणि वर उत्तरही चुकीचं.

आपण बहुतेक जण राहतो मात्र त्याच ओळीत.

एक उत्तर

1996 च्या सुमारास बाबा ज्या कारखान्यात होते तो बंद पडला. कुपवाडला तेव्हा अशा बातम्या अधूनमधून यायच्या, पण आपल्या घरी आली की ती वेगळी असते. दिवाळी तोंडावर होती. संध्याकाळी कामगार आमच्या दारात जमले. बाबा तिथले जुने, हिशेब, कायदा, मशीन, सगळ्यातलं त्यांना विचारायचं अशी रीत. कुणी म्हणत होतं दोन महिन्यांत नवीन मालक येतोय. कुणी म्हणत होतं मुंबईहून पक्की खबर आहे, पाडव्याला भोंगा वाजणार. प्रत्येकाकडे उत्तर होतं. शेवटी सगळ्यांनी बाबांकडे बघितलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

दारात जरा चुळबुळ झाली. एक जण चिडलाच. "तुम्हीच असं म्हणायला लागल्यावर आम्ही कुणाकडं बघायचं?" बाबांनी त्यालाही काही समजावलं नाही. तेव्हा मी अकरावीत होतो आणि मला त्यांचा राग आला होता. दोन महिने म्हणायला काय हरकत होती? लोक निदान दिवाळी नीट करतील. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सायकल काढून मिरज एमआयडीसीत काम विचारायला गेले. तीन आठवड्यांनी कमी पगारावर एका शेडमध्ये लागले.

वेंगुर्ल्याचे काका तोवर त्याच कारखान्यात आले होते. तेही त्या महिन्यात पुण्याला गेले, भोसरीला. पाडव्याच्या भोंग्याची वाट बघणारे मात्र दोन-दोन वर्षं बघत बसले. भोंगा वाजला नाही. त्या जागेवर पुढे वेगळाच कारखाना आला.

बऱ्याच वर्षांनी काका एका लग्नात भेटले. मी त्यांना कथासरित्सागरातला शेवट सांगितला, की वेताळ खरंच राजाच्या बाजूचा निघाला. त्यांना त्याचं फार काही वाटलं नाही, ते तर त्यांना आधीपासून ठाऊकच होतं. मग म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या बापसानं माहीत नाय म्हटलं ना, म्हणून मी भायेर पडलंय. बाकीच्यांनी सांगितलेलं खरं धरलं असतंय तर थयच बसलो असतंय."

मी यावर काही बोललो नाही. बाबा तोवर गेलेले होते.

तर

थिअरी करायची तर मी काकांच्या पक्षात, पण थोडी दुरुस्ती करून. वेताळ राजाच्या बाजूचा आहे हे खरं. पण तो राजाची परीक्षा हुशारीसाठी घेत नाही, ती तर पहिल्याच गोष्टीत सिद्ध झाली होती. त्याला बघायचंय ते हे, की ज्याला तेवीस उत्तरं येतात तो चोविसाव्याला काय करतो. रोज फळातून रत्न मिळणाऱ्या, सगळं ठाऊक असणाऱ्या राजाला भिक्षूने सहज फसवलं असतं. 'मला हे येत नाही, तू करून दाखव' असं म्हणता येणारा राजा मात्र वाचला. बघा ना, शेवटी त्याला वाचवणारं वाक्य तेच आहे! वेताळाने ते त्याच्या तोंडी दिलं, पण त्याआधी ते त्याला पेलतं का, हे पाहून घेतलं.

आमच्या टीमच्या एस्टिमेटच्या शीटमध्ये गेली काही वर्षं 'किती दिवस' या रकान्यात आकड्याऐवजी 'माहीत नाही' असं लिहायची परवानगी आहे. लिहिलं तर बाकीचे एकच विचारतात, कळायला किती दिवस लागतील? नवीन आलेली पोरं पहिले काही महिने तिथे छातीठोकपणे आकडा लिहितात. मग कधीतरी एक जण पहिल्यांदा 'माहीत नाही' लिहितो, आणि त्या दिवसापासून त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही आमचा विश्वास बसायला लागतो.